मधला ठोकळा

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओवीनं अंगणात किल्ला केला नाही. माती आणून टाकली होती, पोती भिजवायला बादली भरून ठेवली होती, मावळ्यांचा डबा माळ्यावरून उतरवला होता. पण बाईसाहेब माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर मांडी घालून. "बाबा, मी शाळा बांधतेय. किल्ला उद्या."

तो उद्या काही आला नाही. माती अजून अंगणातच आहे.

ज्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षांचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगतो. माइनक्राफ्ट नावाचा एक खेळ आहे. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा, पूर्ण स्वरूपात २०११ साली आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलरला ती कंपनी विकत घेतली. जगात सगळ्यात जास्त खपलेला व्हिडिओ गेम हाच. तीस कोटींच्या वर प्रती गेल्यात. यात सगळं जग ठोकळ्यांचं. माती ठोकळा, दगड ठोकळा, लाकूड ठोकळा. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. फोडायचे, गोळा करायचे, रचायचे. बस्स. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, ह्यात काय आहे? नंतर कळलं की ह्यात माझा अख्खा धंदा आहे.

कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओवी रडवेली होऊन आली. तिची शाळा वीस ठोकळे रुंद होती आणि दार मधोमध बसत नव्हतं. दहाव्या ठोकळ्यावर दार लावलं की डावीकडे नऊ उरतात, उजवीकडे दहा. अकराव्यावर लावलं की उलटं. तीन वेळा भिंत पाडून बांधली होती तिनं. म्हणे, "कॉम्प्युटर चुकतोय."

मी बावीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय. आधी ट्रेसिंग पेपरवर, मग ऑटोकॅडवर. शाळा, पंचायत कार्यालयं, समाजमंदिरं, एक बसस्थानक. घरात माझ्या कामात कुणालाही कधी रस नव्हता, आणि आता पोरगी मला सेंटर लाइन विचारत होती. अंगात आलं माझ्या! कागद घेतला. म्हटलं, बाई, ठोकळा अर्धा होत नाही. वीसचा मध्य दहाव्या आणि अकराव्या ठोकळ्याच्या मधल्या फटीत आहे, आणि फटीत दार बसत नाही. एका फळीचं दार हवं असेल तर रुंदी विषम घे. एकवीस घेतलीस तर अकरावा ठोकळा मधला, दोन्हीकडे दहा-दहा. समच हवी असेल तर दोन दारं शेजारीशेजारी लाव. छपराचंही तेच. विषम रुंदीला आढं एका ठोकळ्याचं येतं, सम रुंदीला दोनाचं, मग ते चपटं दिसतं. खांबांसाठी साधा हिशेब: दोन खांबांत तीन ठोकळे मोकळे सोडलेस तर पाच खांब आणि चार गाळे मिळून सतरा. सहा खांब, पाच गाळे, एकवीस. चार-चारनं वाढत जातं, म्हणजे नेहमी विषमच.

"पण सहा खांब असले तर मधल्या ठोकळ्यावर गाळा येतो ना?"

"मग तिथंच तर दार हवंय आपल्याला. पाच खांब घेतलेस तर मधला खांब दारात उभा राहील."

ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोललोय.

मग तिनं मधल्या रेषेवर जमिनीत लाल लोकरीचे ठोकळे पुरले. आम्ही साइटवर चुन्यानं लाइनआउट करतो तसं. डावीकडे एक ठोकळा लावला की उजवीकडे मोजून एक. ह्या खेळात हातानं बांधताना मिरर नाही. ऑटोकॅडमध्ये एम-आय टाइप करा, आरशाची रेषा द्या, अर्धी इमारत फुकट मिळते. आमच्या धंद्यातली निम्मी सममिती सौंदर्यदृष्टीतून नाही, ह्या सोयीतून आलेली आहे, हे गुपित फोडून टाकतो. अर्धं काम केलं की पूर्ण बिल.

ह्या सोयीनं माझी एकदा चांगलीच फजिती केली होती. एका कार्यालयाची उजवी बाजू काढली, त्यात पुरुषांचं स्वच्छतागृह होतं. रात्री उशीर झालेला, मिरर मारला, डावी बाजू तयार. साहेबांची सही झाली, वरची झाली, त्याच्याही वरची झाली. चौकट बसवायला आलेल्या सुतारानं विचारलं, "भाऊ, बायकांनी कुठं जायचं?" दोन्हीकडे पुरुषांचंच होतं. चार सह्या झालेल्या कागदावर ते सुताराला दिसलं. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आता इतकं हसू येत नाही.

सममितीला नावं ठेवायची नाहीत मला. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) बीबी का मकबऱ्याला आम्ही गेलो होतो तेव्हा ओवी सात वर्षांची होती. लांबच्या हौदाकडेला उभी राहून "दोन्हीकडे सेम सेम" करत होती. मग तिनंच विचारलं की ह्या बाजूला मशीद आहे तर त्या बाजूला का नाही? बरोबर पकडलं होतं. पश्चिमेची ती मशीद मागाहून निजामाच्या काळात झाली, पूर्वेला तिला जोडी नाही. ताजमहालात ही उणीव ठेवलेली नाही. तिथं पश्चिमेला मशीद आहे म्हणून पूर्वेला अगदी तशीच दुसरी इमारत बांधली. तिला नावच 'जवाब' आहे. तिचं तोंड उलट दिशेला, त्यामुळे मशीद म्हणून ती चालत नाही. तोल राखणं हेच तिचं मुख्य काम. आणि एवढा आटापिटा करणाऱ्या शहाजहानची कबर मात्र आत मुमताजच्या बाजूला, एकीकडे सरकलेली. मधली रेषा मुमताजची. अख्ख्या त्या जागेत ठळकपणे तोल मोडणारी गोष्ट म्हणजे ज्यानं ती बांधली तो माणूस.

आपल्या किल्ल्यांना हा नाद नाही. राजगडाला तीन माच्या आहेत, तिन्हींचं तोंड तीन दिशांना, कारण डोंगर तसा आहे. डोंगराला मिरर कमांड कळत नाही. अंगणातला मातीचा किल्लाही म्हणूनच वाकडातिकडा होतो आणि छान दिसतो. असो. विषय सरकारी इमारतींचा आहे.

तर रॅम्पची गोष्ट.

सार्वजनिक इमारतीला रॅम्प हवा हे २०१६ च्या कायद्यानं पहिल्यांदा सांगितलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातही कलम ४६ मध्ये रॅम्प होता, फक्त "आर्थिक कुवतीनुसार" अशी पळवाट ठेवून. त्यामुळे मी नोकरीला लागलो तेव्हाही नकाशात रॅम्प दाखवावाच लागायचा. तपासणीच्या यादीत तसा रकानाच होता. २००६ च्या सुमारास मी एका कार्यालयाच्या इमारतीचं दर्शनी चित्र काढलं. अडीच फुटांचं जोतं, मधोमध पाच पायऱ्या, वर पोर्च, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. उजव्या हाताला रॅम्प. हिशेब सरळ आहे: एकास बारा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटांना तीस फूट. वर मध्ये थांबायला सपाट जागा. चांगला लांबलचक निघाला.

साहेबांनी चित्र लांब धरून बघितलं. म्हणाले, "हे नाकाच्या एका बाजूला चामखीळ आल्यासारखं दिसतंय. मागं घ्या."

मी मागं घेतला. मला दहा मिनिटं लागली. वाद घातला नाही, आणि खरं सांगायचं तर वाद घालावासा वाटलाही नाही. मला स्वतःलाच ती चामखीळ वाटत होती. समोरचं चित्र एकदम स्वच्छ झालं. मी खूश होतो. मागच्या बाजूला तीस फूट जागा नव्हती, सेप्टिक टँक आडवा येत होता, म्हणून रॅम्प बारा फुटांत बसवला. म्हणजे एकास पाचापेक्षाही खडा. कागदावर 'रॅम्प' असं लिहिलेलं होतं. यादीत बरोबरची खूण झाली.

अशा मी तीन इमारती काढल्या. पुढच्या दोन वेळी तर साहेबांना सांगावंही लागलं नाही, मीच आधीपासून मागं काढला.

आता ह्या नोव्हेंबरचं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आता बोटाच्या ठशावर घरबसल्या होतं ते, पण आईचे ठसे मशीनला लागत नाहीत. खडू आणि भांडी, दोन्हींनी बोटं गुळगुळीत झालीत. तेव्हा स्वतः जाऊन "मी जिवंत आहे" असं सांगायचं. ओवीला सुट्टी होती, तीही आली.

कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. समोर पाच पायऱ्या. मधोमध. ओवी गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "बाबा, सहा खांब! एकवीसचं आहे बघा हे." मला हसू आलं, आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडला, कारण रॅम्प कुठं असणार हे मला विचारावं लागलंच नाही. मी चेअर सरळ मागं वळवली.

मागं जायची वाट फरशीची नव्हती, खडीची होती. पुढची लहान चाकं रुतायची. जनरेटर, त्यामागं तुटक्या खुर्च्यांचा ढीग, मग रॅम्प. रॅम्पवर पाच दुचाक्या. वर जाळीचं दार, त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई टपाल घेऊन गेलेला. एकजण सज्जनपणे म्हणाला, "आजींना गाडीतच बसू द्या, आम्ही बघतो काहीतरी." पण सही आतल्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये करायची होती आणि रजिस्टर बाहेर काढायची पद्धत नव्हती.

शेवटी पुढं येऊन चौघांनी चेअर उचलली. दोन तिथले कर्मचारी, एक चहावाला पोरगा आणि मी. माणसं वाईट नव्हती हो, कुणीही वाईट नव्हतं. आईनं पदर घट्ट ओढून घेतला आणि डोळे मिटले. सदतीस वर्षं वर्गात उभी राहून शिकवलेली बाई. पायऱ्यांवरून उचलून नेताना चेअर मागं कलते, तेव्हा माणसाला फक्त छत दिसतं. हे मला नंतर तिनं सांगितलं.

सही झाली. परत तसंच खाली. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मागच्या दारानं कचरा नेतात रे. तू मला आधी तिकडं का नेलंस?"

मी म्हटलं, रॅम्प तिकडं होता आई.

"ही इमारत तू काढलेली का?"

नाही, म्हटलं. खरं होतं ते. पण मी काढली असती तर अशीच काढली असती, हे काही मी बोललो नाही. ओवी मागच्या सीटवर होती.

त्या रात्री ओवीनं तिच्या शाळेला रॅम्प करायला घेतला. मी काही सांगितलं नव्हतं. आधी एका बाजूला केला, तर तोल गेला. तिलाही आवडेना. (मला बरं वाटलं, म्हणजे हा रोग एकट्या साहेबांना नव्हता.) मग दोन्ही बाजूंना केला. दिसायला झकास, पण खरी पंचाईत पुढंच होती: ह्या खेळात उतार नाहीच. ठोकळा तरी असतो, नाहीतर पायरी, नाहीतर अर्ध्या उंचीची लादी. खेळातला माणूस अर्धी लादी न उडी मारता चढतो, पूर्ण ठोकळ्याला त्याला उडी लागते. म्हणजे त्या जगात सगळ्यांचे गुडघे शाबूत आहेत असं धरून चाललंय. आपल्याकडेही तेच धरून चालतात, त्यात नवल नाही.

"आजीला अर्धी लादी पण नाही चढता येणार," ती म्हणाली. मीटरचा अर्धा म्हणजे अर्धा मीटर. चाकाला तो डोंगरच.

मग तिनं काय शोधून काढावं? बर्फ. त्या खेळात बर्फाचे पातळ थर टाकता येतात, एका ठोकळ्याच्या उंचीत आठ थर बसतात. तिचं जोतं एक ठोकळा उंच होतं. मी एकास बारा सांगितलं होतं. आठ थर बारा ठोकळ्यांत बसवायचे. तिनं वहीत हिशेब केला: दर तीन ठोकळ्यांत दोन थर वाढवायचे. सहावीतलं गुणोत्तर, परीक्षेत चुकलं होतं. इथं बरोबर आलं. आणि दोन बाजूंना दोन रॅम्प न करता तिनं दारासमोरचं अख्खं पटांगणच हळूहळू वर नेलं. एकवीसच्या एकवीस ठोकळे रुंद. पायऱ्या काढूनच टाकल्या. दार मधोमध, खांब सहा, डावंउजवं जिथल्या तिथं. चामखीळ कुठं नाहीच, कारण रॅम्प अशी वेगळी वस्तूच उरली नव्हती.

मी खुर्चीत मागं टेकून बघत राहिलो. ह्याला आम्ही पुस्तकात काय काय म्हणतो, पण मी बावीस वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. अडीच फुटांचं जोतं, समोर साठ फूट मोकळं पटांगण, जिथं साहेबांची गाडी वळते. एकास वीसचा उतार दिला तरी पन्नास फुटांत काम होतं, आणि इतका सौम्य उतार चढतोय हे चालणाऱ्याला जाणवतही नाही. गर्भार बाईला, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला, सिलिंडर ढकलणाऱ्या पोऱ्याला, सगळ्यांना एकच वाट. मुरूम आणि पाण्याचा निचरा, एवढाच जादा खर्च. फक्त आमच्या डोक्यात सरकारी इमारत म्हणजे पायऱ्या चढून जायची जागा असं घट्ट बसलंय.

सकाळी मात्र ओवी किंचाळली. दोन्हीकडे शोभेसाठी तिनं मशाली लावल्या होत्या आणि मशालींजवळचा रॅम्प वितळून गेला होता. त्या खेळात उजेड जवळ असला की बर्फ टिकत नाही. मग तिनं निळ्या मंद मशाली लावल्या, त्यांनी वितळत नाही म्हणे. आपल्याकडचे रॅम्प उद्घाटनाच्या दिव्यांत वितळतात, हे मी तिला सांगितलं नाही. अकरा वर्षांची आहे, कळेल पुढं.

आता थोडं कायद्याचं, कारण ही भिंत सार्वजनिक विषयांची आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान आलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि तिथून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या असं कलम ४५ म्हणतं. म्हणजे २०२२ उलटून गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी खटल्यात सांगितलं की नियम क्रमांक १५ मधली मानकं नुसती शिफारशीसारखी ठेवून चालणार नाही, सक्तीची किमान मानकं करा. मला ह्यातलं न्यायालयाचं म्हणणं फार पटलं, कारण शिफारशीचं पुढं काय होतं ते मी स्वतःच्या हातानं केलंय. यादीत खूण होते आणि रॅम्प सेप्टिक टँकच्या मागं जातो.

आणि दुसरं. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेनं, यूएन-हॅबिटॅटनं, २०१२ पासून हाच खेळ घेऊन लोकांना बसवलं. नैरोबीतल्या किबेरासारख्या वस्तीत तिथल्याच पोरांना आणि बायामाणसांना आपलं मैदान, आपली मोकळी जागा ठोकळ्यांत मांडायला लावली. नकाशा वाचता न येणारा माणूसही ठोकळा कुठं हवा ते सांगू शकतो. आमच्याकडे नकाशा कार्यालयाच्या दर्शनी भागात 'हरकतींसाठी' लावतात. पाच पायऱ्या चढून.

गेल्या रविवारी मी माझ्या तिन्ही इमारती बघून आलो. मोटारसायकलवर गेलो, आईला सांगितलं नाही. पहिल्या ठिकाणी रॅम्पवर लाकडाच्या फळ्या रचलेल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी दाराला आतून कपाट लावलंय, म्हणजे कुलपाचाही प्रश्न मिटला. तिसऱ्या ठिकाणी रॅम्प फोडून तिथं पाण्याची टाकी बसवलीय. मी वॉचमनला विचारलं, इथं रॅम्प होता ना? तो म्हणाला, "असेल. मी आल्यापासून टाकीच आहे."

पहिल्या इमारतीच्या पुढच्या पटांगणाचं माप मी टेपनं घेतलं. बावन्न फूट निघालं. एकास वीसनं बसतं. अंदाजपत्रक तयार केलंय, स्वतःहून, बिल न लावता. सोमवारी आवक-जावकमध्ये देऊन पोच घेतलीय. साहेब आता दुसरे आहेत. काय होईल ते इथंच लिहीन.

तोवर एक काम करा. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी कधी गेलात तर कार्यालयाच्या मागं एक चक्कर मारा. रॅम्प असेल तर त्याच्यावर काय ठेवलंय आणि दाराची किल्ली कुणाकडं आहे, एवढं खाली लिहा. फोटो असेल तर बरंच. कुणा कर्मचाऱ्याचा चेहरा मात्र येऊ देऊ नका. चेअर त्यांनीच उचलली होती.